धार आणि भांडे



 ‘घरातले पाणी कसे राखावे’ हा विषय गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या या व्याख्यानमालेसाठी मी सुचविला तेव्हा त्यावर दोन आक्षेप निघतील, हे मला ठाऊक होते. पहिला असा, की सार्वजनिक व्यासपीठावरून सांगण्याइतका हा विषय भारदस्त नव्हे. आणि दुसरा असा, की तो आलापल्लीस सांगण्याचा नव्हे. दुसरा आक्षेप दिसायला अधिक बळकट आहे, म्हणून प्रथम त्याचाच समाचार घेऊ.

मराठवाड्यातल्या एखाद्या गावी हा विषय काढला असता तर कोणाच्या भुवया उंचावल्या नसत्या. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे तिथल्या लहान पोरासही ठाऊक आहे. परंतु ज्या मुलखात वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन झालेली प्राणहिता ज्याच्या पश्चिम सीमेवरून वाहत जाऊन सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते, ज्याच्या पूर्वेस इंद्रावती आहे, आणि पर्लकोटेला पूर आला की जेथे भामरागड उर्वरित जगापासून तुटून पडते, त्या मुलखातल्या लोकांना पाणी जपून वापरा म्हणून सांगणे म्हणजे सागवानाच्या वनात बसून सरपणाच्या टंचाईवर प्रवचन करणे नव्हे काय? दिसते तसे खरे. पण याच मुलखातला श्रोता जुलैऐवजी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गाठावा, गावाच्या टोकाचा हातपंप दहा-बारा वेळा दाबल्यावर एकदा खाकरतो आणि ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून बाया वाटीवाटीने पाणी भरतात तेव्हा त्याला विचारावे, आणि मग तो काय म्हणतो ते ऐकावे.

या विसंगतीचे कारण आकाशात नसून जमिनीत आहे. गडचिरोली जिल्ह्याचा बराच मोठा भाग अतिप्राचीन, स्फटिकमय, कठीण अशा नीस खडकावर वसलेला आहे. या खडकाच्या अंगी स्वतःची अशी सच्छिद्रता जवळजवळ नसते. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत. हा थर ठिकठिकाणी बेताचाच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आकाश उदार होते, थर भरतो, आणि भरल्यानंतर पडणारे प्रत्येक मिलिमीटर नाल्यावाटे प्राणहितेस, प्राणहितेवाटे गोदावरीस आणि गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. म्हणजे पाऊस पुष्कळ आणि भांडे उथळ, अशी आपली अवस्था आहे. भांडे रिकामे झाले की मातब्बरांचीही कशी त्रेधा उडते, हे चंद्रपुराने पाहिले आहे: २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाचे पाणी तळाला गेले, तेव्हा महाऔष्णिक वीज केंद्राचे संच बंद ठेवणे भाग पडले.

आता पहिला आक्षेप. किलोभर तांदूळ पिकविण्यास काही हजार लिटर पाणी लागते. धान हेच ज्या प्रदेशाचे जीवन, तेथे एखाद्या घराने आंघोळीची अर्धी बादली वाचविली काय आणि न वाचविली काय, एकंदर हिशेबात त्याने काय फरक पडणार? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. घरात वाचविलेल्या पाण्याने शेते भिजणार नाहीत. परंतु धान पिकते ते पावसाच्या आणि तलावाच्या पाण्यावर. घर चालते ते गावातल्या एखाद-दुसऱ्या विहिरीवर किंवा विंधनविहिरीवर, म्हणजे त्याच उथळ थरावर, आणि तेही वर्षाचे बाराही महिने. मे महिन्यात त्या विहिरीतले पाण्याचे पन्नास गुंड, म्हणजे हंडे, कोणाच्या घरी गेले आणि कोणाच्या घरी गेले नाहीत, हा प्रश्न त्या दिवशी तांदळाच्या प्रश्नाहून लहान राहत नाही. शिवाय माझे असे मत आहे, आणि या व्याख्यानात मला मुख्यत्वे तेच मांडायचे आहे, की ज्या माणसाला घरातल्या पाण्याचा हिशेब ठेवण्याची सवय उरलेली नाही, तो गावच्या तलावाचाही हिशेब विचारीत नाही.

पाणी आपल्याकडे दोन रूपांनी येते. धारेचे पाणी वाहत येते आणि वाहत जाते. त्याला माप नाही. भांड्याचे पाणी जेवढे भरले तेवढेच असते. त्यातून घेतलेला प्रत्येक तांब्या उरलेल्यातून वजा होताना डोळ्यांना दिसतो. आपल्या जुन्या घरातला सारा व्यवहार भांड्याचा होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गुंड, अशी विहिरीवरून खेप यायची. ते पाणी गाळून पिण्याच्या माठात, वापरायच्या रांजणात, आंघोळीच्या गंगाळात असे वाटले जायचे. आणि गडवा बुडवून घ्यायचे झाले तरी रांजणाचा तळ किती खाली गेला आहे इकडे सासूचे लक्ष असायचे. माडिया माणूस रानात जाताना वाळविलेल्या भोपळ्याचा तुंबा खांद्याला लावून जात असे. त्यात पाणी गार राही आणि अरुंद तोंडातून लागेल तेवढेच बाहेर येई.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. त्या काळाचे गोडवे गाणारे जे लोक मी पाहिले, त्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर गुंड कधी चढलेला नव्हता. पाणी कमी वापरले जाई याचे एक कारण ते वाहणारी मान दुसऱ्याची होती, हे आहे. जलजीवन मिशनने २०१९ साली ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटरांचे परिमाण धरले. पाच माणसांच्या कुटुंबास हे २७५ लिटर होतात. पंधरा लिटरांचा गुंड धरल्यास रोजच्या अठरा-एकोणीस खेपा, आणि प्रत्येक खेपेस पंधरा किलोंचा भार. ही कवाईत बायकांच्या माथी पुन्हा मारून पाणी वाचवावे असे सुचविणारा इसम जलतज्ज्ञ असला तरी सज्जन नव्हे. तेव्हा नळ आला हे उत्तम झाले. परंतु नळाबरोबर घरातले भांडेही गेले, हे मात्र उत्तम झाले नाही. आणि नळ ठेवून भांडे परत आणता येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

चांगल्या दाबाचा साधा नळ मिनिटास आठ-दहा लिटर पाणी सहज सोडतो. तो तसाच मोकळा ठेवून तीन मिनिटे दात घासणारा मनुष्य पंचवीस-तीस लिटर, म्हणजे आपल्या आजीच्या दोन खेपा, चूळ भरण्यात घालवितो. हेच काम एका तांब्यात होते. दाढीचे तेच, भाजी धुण्याचे तेच. भांडी वाहत्या धारेखाली घासण्याऐवजी दोन घमेली मांडावीत, एकात खळबळून दुसऱ्यात विसळावे. पूर्वी राखेने भांडी घासत, तिचा फेस नसल्याने विसळण्यास पाणीही थोडे लागे, आजच्या साबणाला ते जास्त लागते, म्हणून साबण तरी बेताने घ्यावा. आंघोळीला बादली पुरते. डोक्यावरून फवारा सोडून उभे राहण्यात सुख आहे हे मी नाकारीत नाही, परंतु बादलीत पंधरा-वीस लिटरांत जे स्नान होते त्याला फवारा तीन-चारपट पाणी घेतो. शौचालयात जुन्या धाटणीची टाकी एका खेपेस दहा-बारा लिटर ओतते. त्याऐवजी तीव्र उताराचे भांडे बसवून हाताने पाणी टाकले तर दोन-तीन लिटरांत काम भागते. नळाची चकती झिजून सेकंदाला एक थेंब गळू लागला, तर दिवसाचे छप्पन्न नव्हे, सत्तर नव्हे, शहाऐंशी हजार चारशे थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांच्या वर पाणी, आणि ती चकती चहाच्या एका कपाहून फारशी महाग नसते. गच्चीवरच्या टाकीचे तर विचारूच नका. पंप सुरू करून माणूस बाजारास जातो आणि टाकी ओसंडून भिंतीवरून धबधबा वाहू लागतो. तरंगत्या गोळ्याचा एक झडपनळ बसविल्यास ही नामुष्की टळते.

विदर्भातल्या घराला आणखी एक पाणी पिणारा आहे, ज्याची नोंद पुण्या-मुंबईचे उपदेशक घेत नाहीत, कारण त्यांच्याकडे तो तितकासा नसतो. मी कूलरविषयी बोलतो आहे. चंद्रपुराकडे पारा ४७ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा कूलर ही चैन राहत नाही आणि तो बंद करा असे सांगण्याचा मला अधिकारही नाही. परंतु त्याचे सारे कार्य पाण्याच्या बाष्पीभवनावर चालते; जितकी हवा थंड तितके पाणी उडून गेलेले, आणि रात्रभर चालविल्यास तो बादल्यामागून बादल्या गिळतो. मग त्याला थोडे साह्य करावे. पश्चिमेकडच्या खिडकीवर बाहेरून चटई किंवा ताटी टाकावी, कूलरला सावलीत ठेवावे, पहाटेची हवा आपोआप थंड झाली की त्याचा पाणीपंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, आणि टाकीतले क्षाराने जड झालेले पाणी काढून टाकण्याची वेळ आली की ते मोरीत न ओतता त्याने अंगण झाडण्यापूर्वीचा सडा घालावा. सड्यासाठी विहिरीचे स्वच्छ पाणी वापरावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

पिण्याच्या पाण्यासंबंधी एक विशेष गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती सांगितली पाहिजे. आपल्या कित्येक विंधनविहिरींच्या पाण्यात लोह असते. उपसताना ते पाणी निर्मळ दिसते, परंतु हवा लागली की थोड्या वेळाने तांबूस होते, भाताला रंग चढतो, कपड्याला डाग पडतात, आणि मग घरोघर शुद्धीकरणयंत्राची चर्चा सुरू होते. रिव्हर्स ऑस्मॉसिसच्या घरगुती यंत्रात आत गेलेल्या पाण्याचा बहुधा पाऊण हिस्सा नाकारला जाऊन नळीवाटे बाहेर पडतो. अशा यंत्रांची गरज नसलेल्या ठिकाणी ती बंद करावीत, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते. आणि लोह घालविण्यास या यंत्राची गरज सहसा पडत नाही. संध्याकाळी पाणी उंचावरून धार धरून भांड्यात ओतावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. रात्रभर स्थिर ठेवावे, गाळ तळाला बसला की वरचे पाणी वाळूच्या गाळणीतून काढून घ्यावे. (धारेची मी निंदा करीत आलो, पण येथे ती उपकारक ठरते हे नमूद करणे न्यायाचे होईल.) मात्र फ्लोराइड या रीतीने जात नाही, आणि उकळल्याने तर त्याचे प्रमाण वाढतेच, म्हणून आपल्या स्रोताची प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे काय, हे ग्रामपंचायतीस विचारावे आणि मगच यंत्र घ्यावे की न घ्यावे हे ठरवावे. यंत्र घेतलेच असेल, तर नाकारलेले पाणी बादलीत धरून फरशी पुसावी.

एकदा वापरलेले पाणी निरुपयोगी झाले असे आपल्या घरांनी पूर्वी कधी मानले नाही. तांदूळ धुतलेले पाणी गुरांच्या घमेल्यात जाई, मोरीचे पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला जाई, आणि घराची मोरी कोणत्या दिशेला आहे ते केळीच्या रोपावरून कळे. साबणाचे पाणी कोथिंबिरीला किंवा पालेभाजीला घालू नये. केळी, कर्दळ, अळू यांना ते मानवते. ज्यांना परसच नाही त्यांनी सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले, उघडी गटारे नाहीशी झाली, डास कमी झाले, आणि त्या पद्धतीचे नाव महाराष्ट्रभर झाले. मलेरियाने गडचिरोली जिल्ह्यास किती पिडले आहे हे मी आपणांस सांगावयास नको.

आता छपराकडे वर पाहू. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. इतका सुबक हिशेब निसर्गात क्वचित आढळतो. पन्नास चौरस मीटरांच्या, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फुटांच्या कवेलू किंवा टिनाच्या छपरावर वर्षभरात तेराशे मिलिमीटर पावसाचे ६५,००० लिटर पाणी पडते. पहिल्या सरी, उडालेले थेंब, कवेलूने शोषलेले असे मिळून पाचवा हिस्सा वजा घातला, तरी ५२,००० लिटर उरतात. मघाच्या पाच माणसांच्या कुटुंबाला हे पाणी सहा महिन्यांहून अधिक पुरेल. एवढी मोठी टाकी कोणी बांधणार नाही, हे खरे. परंतु पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरल्यास दिवसाला पंचवीसच लिटर लागतात, आणि ५,००० लिटरांची झाकणबंद टाकी या कामी दोनशे दिवस चालते. ऑक्टोबरात भरलेली टाकी मे महिन्याच्या उंबरठ्यावर आणून सोडते. उरलेले पाणी पन्हळीवाटे वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडावे, म्हणजे तो उथळ थर भरण्यास आपले छप्पर हातभार लावते. पहिल्या एक-दोन पावसांनी छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन निघते, ते पाणी बाहेर सोडून द्यावे. आणि गाळणीशिवाय काहीही विंधनविहिरीत सोडू नये, कारण एकदा बिघडलेली भूगर्भातली भेग धुऊन काढण्याची सोय नाही.

पाणी जिरविण्याचे हेच काम रान आपल्याकडून एक पैसाही न घेता करीत आले आहे. येथून जवळच, ‘वनवैभव’ म्हणून सहा हेक्टरांचा जो तुकडा राखलेला आहे आणि ज्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, त्यात पावसात उभे राहून पाहावे: धार प्रथम पानांवर मोडते, मग खाली साचलेल्या पाचोळ्यावर, आणि जमिनीस पोचेपर्यंत तिची झिरप झालेली असते. महाराष्ट्रात ही गोष्ट कोणी नव्याने सांगितलेली नाही. डोंगरउतारावर ताली आणि बंधारे घालून पाणी जिरवावे, असे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच सुचविले आहे. परंतु मार्च-एप्रिलात मोह वेचण्यास सोयीचे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, आणि ती आग एका झाडाखाली राहत नाही. उघड्या पडलेल्या उतारावरून जूनचा पहिला पाऊस माती घेऊन निघतो. मोहाखाली पाला झाडून जुने लुगडे किंवा जाळी अंथरली तर फूलही स्वच्छ मिळते. हे मी येथील बायांनाच पाहून सांगतो आहे, ग्रंथ पाहून नव्हे.

घराचे भांडे आणि रानाचे भांडे यांच्या मध्ये गावाचे भांडे आहे, ते म्हणजे तलाव. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना आपुलकीने मामा तलाव म्हणतात. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन द्यावी, असा हुकूम चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपुराच्या, गोंड राजाने, हीरशाहाने, काढला होता असे सांगतात. भंडाऱ्याकडे कोहळी समाजाने या विद्येत जी सिद्धी मिळविली तिची साक्ष तिकडचे तलावच देतात. पाण्याची पाळी कोणाची, तलावाच्या पाळीवरची माती कोणी टाकायची, मासे कोणाचे, गुरांना कोणत्या घाटावर उतरवावे, हे सारे ठरलेले असे आणि बंदोबस्ताच्या वेळी वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात ते उतरवून घेतले जाई. ही व्यवस्था निर्दोष नव्हती; मालगुजाराची बेगार ही तिची दुसरी बाजू होती आणि ती विसरणे हा त्या बेगाऱ्यांचा अपमान होय. १९५० साली चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या त्या वर्षीच्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी रद्द झाली, १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले, आणि त्यात अन्याय काही झाला नाही. झाले ते एवढेच, की बेगार गेली तिच्याबरोबर हिशेबही गेला. पाळीला भगदाड पडले तर पूर्वी गाव कुदळ घेऊन धावे, आता अर्ज घेऊन धावू लागले. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत पाणी कोणाची वाट पाहत नाही. तलाव गाळाने भरले, काठावर बेशरमीची झुडपे माजली, मे महिन्याचे ऊन उथळ पाण्यावर पडून दिवसाला सेंटिमीटरभर थर उडवू लागले. हेक्टरभर पृष्ठावरून हे लाखभर लिटर होतात. खोल तलाव आणि उथळ तलाव सारखेच आटतात, पण खोल तलावात मागे काही उरते.

यावर इलाज नाही असे नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या मंडळींसह तलावांतली बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या. त्या कामात बायका पुढे होत्या, आणि मासे व पक्षी परतले. गाळ काढून तो शेतात टाकण्याची शासनाची योजना २०१७ पासून आहे. परंतु योजना मागण्यापूर्वी गावाने आपले हक्क कोणते हे वाचलेले असावे. निस्तारपत्रक, म्हणजे गावच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद, आणि वाजिब-उल-अर्ज या दोहोंना महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही स्थान आहे. ते केवळ इंग्रजी अमदानीचे जुने कागद नव्हेत. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ज्या घरांनी टाकीचा आणि बादलीचा हिशेब मांडला, त्यांनीच पुढला अर्ज तहसिलीत द्यावा आणि आपल्या मौजाच्या तलावासंबंधीची नोंद दप्तरातून नक्कल म्हणून मागून घ्यावी. नक्कल हाती आली की ती सभेत मोठ्याने वाचून घ्यावी, आणि मासे, घाट व पाळीची माती यांपैकी कोणते कलम आज पाळले जात आहे ते एकेक करून तपासावे.